पैसे भरून भांडी घासायला? तुम्ही विचारलंत म्हणून

"स्वतःचे पैसे भरून, बिनपगारी रजा काढून परदेशात भांडी घासून आलात, त्याने तुमच्यात नेमका काय फरक पडला हो?" हे मला उपासना सुटल्यावर विचारतात, ऑफिसात विचारतात, यूथ ग्रुपची मुलं तर हमखास विचारतात. मंडळीत साक्ष द्यायला उभं केलं की पाच मिनिटांत आवरायचं असतं, म्हणून तिथे मी "प्रभूने खूप शिकवलं" म्हणते आणि बसते. ते खोटं नाही, पण उत्तरही नाही. आज जरा सविस्तर सांगते.

आधी काम काय होतं ते. मर्सी शिप्स ही ख्रिस्ती संस्था १९७८ पासून हॉस्पिटलची जहाजं चालवते, त्यांचं ग्लोबल मर्सी नावाचं जहाज २०२३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशाच्या फ्रीटाउन बंदरात लागलं आणि मी तिथे काही महिने होते. सहा ऑपरेशन थिएटरं, दोनशेच्या आसपास बेड, ऑपरेशन फुकट, पेशंटचा धर्म कोणी विचारत नाही, आणि देश बहुसंख्य मुसलमानांचा. सर्जनपासून सुतारापर्यंत आम्ही व्हॉलंटियर, आणि राहण्या-जेवणाचे पैसे दर महिन्याला ज्याचे त्याने भरायचे. मी काही मेडिकलची नाही. माझ्या वाट्याला गॅली आली, म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर, आणि त्यातही पॉट वॉश. म्हणजे तुम्ही म्हणता ते खरंच आहे, पैसे भरून भांडीच घासली.

पण खरं सांगू का, घासण्यापेक्षा आधीचं पैसे मागणं जड गेलं. सपोर्टसाठी पत्र लिहायचं, ओळखीच्यांना पाठवायचं, मग पुढच्या रविवारी त्याच माणसांच्या शेजारी बसायचं. मी आयुष्यभर देणाऱ्यांच्या यादीत राहिलेली बाई, अर्पणाच्या पिशवीत हात घातला की मूठ कोणाला दिसू नये एवढीच काळजी, आणि इथे हात पसरायचा होता. ज्यांच्याकडून अपेक्षा होती त्यातले काही नुसते "प्रार्थना करू" म्हणाले आणि एका आजींनी, ज्यांची पेन्शन किती आहे ते मला माहीत आहे, पाकीट हातात कोंबलं आणि मला नाही म्हणू दिलं नाही. ते पाकीट घेताना माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे.

तर पॉट वॉश. माणसाला आत बसवता येईल एवढी पातेली, वाफेने चष्मा आंधळा, आणि स्थानिक लोकांच्या जेवणासाठी कसावाच्या पानांची भाजी केलेली असली की पातेल्याच्या कडेला पाम तेलाचा नारिंगी थर, जो नुसत्या पाण्याने हलत नाही. जहाजावर तिथलेच बरेच लोक पगारावर कामाला असतात, दुभाषे, गॅलीतले, साफसफाईचे, त्यांना सगळे डे क्रू म्हणायचे. त्यातले एक काका माझ्यासोबत होते, खरं म्हणजे मी त्यांच्या हाताखाली होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि मला दुसरं दिलं, तोंडाने एक शब्द नाही. ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत, मी सांगते आणि ते करतात, त्यामुळे हे पचायला वेळ लागला.

काका सकाळी हात मिळवायचे, मग तोच हात छातीवर ठेवायचे, आणि तब्येत कशी, झोप झाली का, घरचे कसे आहेत, एकेक विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत हलायचे नाहीत. मागे ट्रॉली भरून भांडी आलेली असायची, मी एप्रन बांधता बांधता "बरी आहे, बरी आहे" करायचे, आणि ते तसेच उभे. कामाच्या ओघात कळलं की १९९१ ते २००२ च्या यादवी युद्धात त्यांचं गाव सुटलं ते सुटलंच, आणि २०१४ मध्ये इबोला आला तेव्हा हात मिळवणंही बंद झालं होतं, आपल्या माणसाच्या मयताला हात लावता येत नव्हता. त्यांच्या देशाचे डॉ. शेख उमर खान इबोलाच्या पेशंटांवर उपचार करता करता त्याच आजाराने गेले, तेही त्यांनीच सांगितलं. हे सगळं सांगून झालं की कुठलं पातेलं राहिलंय ते विचारायचे. सेवा म्हणजे काय हे त्या देशाला शिकवायला बाहेरून कोणी यायची काही गरज नव्हती.

आता खरा फरक कुठे पडला ते. मेडिकल नसलेल्या क्रूलाही वॉर्डात जाऊन पेशंटसोबत बसता येतं. मी ज्या मुलाकडे जायचे त्याचे पाय धनुकलीसारखे वाकडे होते, ऑपरेशन करून दोन्ही पायांना प्लास्टर घातलेलं, आणि पठ्ठ्या उनोमध्ये सर्रास चीटिंग करायचा. त्याची आई त्याच्याच बेडखाली गादी घालून झोपायची, सोबत राहणाऱ्यांची तशीच सोय असते. एक दिवस घरून फोन आला, वडिलांना ॲडमिट केलंय. मी तरी सवयीने वॉर्डात गेले, पत्ते वाटले, पण डोळे सुजलेले होते. आईने दुभाष्या मुलीकरवी विचारलं काय झालं. मी "काही नाही" म्हणाले. तिने पत्ते गोळा करून बाजूला ठेवले, मुलाला गप्प बसवलं, दोन्ही तळवे उघडून माझ्या वडिलांसाठी दुआ मागायला लागली, शेजारच्या बेडवरच्या बाईनेही हात उघडले आणि शेवटी सगळ्यांनी मिळून आमीन म्हटलं. मी तिथे लोकांसाठी प्रार्थना करायला गेले होते ना, आणि मला हात कुठे ठेवायचे ते कळेना.

वडील बरे झाले, ते असो. पण बायबलात योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, त्यावर मी संडे स्कूलमध्ये कितीदा तरी शिकवलंय, दर वेळी आपणही पाय धुवावे एवढंच. येशूकडून पाय धुऊन घ्यायला शिष्य पेत्र तयार होत नाही, त्या ओळीवरून मी नेहमी पुढे सरकायचे.

"मग हे इथे राहून झालं नसतं का?" हा पुढचा प्रश्न. कदाचित झालं असतं. पण इथे मला सगळे ओळखतात, माझ्या नावामागे काहीतरी लागतं, तिथे मी एक बॅज आणि डोक्यावरची जाळी होते. बदललं काय म्हणाल, तर आता आजारी पडले की लपवत नाही, फोन करून कोणालातरी बोलावते. कोणी कसे आहात म्हटलं की खरं काय ते सांगते, याचा काही जणांना त्रासही होतो. चिडचिड मात्र होती तेवढीच आहे, हवं तर घरच्यांना विचारा.

आणि मिशन ट्रिप म्हणजे दोन आठवड्यांत भिंत रंगवून मुलांना कडेवर घेऊन फोटो, याचं मला फारसं कौतुक नाही, भिंत तिथला रंगारी जास्त चांगली रंगवतो आणि त्याला मजुरीही मिळते. जहाजावर तर क्रूला पेशंटचे फोटो काढायची बंदीच होती, म्हणून तुम्ही फोटो मागता तेव्हा मी समुद्राचे दाखवते. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनने हिशेब मांडला की जगात ५०० कोटी माणसांना सुरक्षित, परवडणारं ऑपरेशन मिळत नाही. तिथे एका जहाजाने काय होणार, म्हणून तिथल्याच डॉक्टर-नर्सना ट्रेनिंग देणं हाही मर्सी शिप्सच्या कामाचा भाग आहे आणि मला तो जास्त पटतो. गॅरी पार्कर नावाचे सर्जन १९८० च्या दशकात थोड्या दिवसांसाठी म्हणून मर्सी शिप्समध्ये आले आणि कित्येक दशकं राहिले. तेवढं सगळ्यांना जमणार नाही, मलाही नाही जमलं.

यूथच्या मुलांनो, जायचं असेल तर जा. फक्त संस्थेला आधी विचारा की तिथल्या लोकांना पगारावर घेता का, आणि तुम्ही परत निघालात की ते काम कोण करणार. आणि सपोर्टचं पत्र पाठवायच्या आधी मला दाखवा, पहिलं पत्र फार लांबतं आणि मागायचं तेवढंच त्यात राहून जातं.