ही इमारत कितव्या सालची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या कापड दुकानात आलेलं गिऱ्हाईक पातळं बघता बघता वर नजर टाकतं आणि म्हणतं, "काका, ही बिल्डिंग कितव्या सालची हो? अजून पाडली कशी नाही?" आर्किटेक्चरची मुलंमुलीही हेच विचारतात. गर्दीच्या वेळी धड सांगता येत नाही.

एक साल सांगता येत नाही, कारण ती एका दमात बांधलेलीच नाही. पुढचा भाग सागवानी. दगडी तळखड्यांवर खांब, त्यांवर तुळया, वर कडीपाट म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, आणि रस्त्याच्या अंगाला कोरीव सज्जा. मागचा भाग विटांचा, त्यात लोखंडी गर्डर. असे गर्डर नागपुरात यायला आगगाडी हवी आणि ती आली 1867 साली. म्हणजे मागची बाजू त्यानंतरची, एवढं पक्कं. पुढचा सागवानी भाग तिच्याहून जुना असावा, असं मला त्याचं काम बघून वाटतं.

इतवारी मुळातच बाजाराची. बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी ही नावं बघा, इथे वारांवरून पेठा ओळखल्या जातात. आत शिरलं की किराणा ओळी, भांडे ओळी, सराफा ओळी. कापडाला दोन बाजूंनी बळ मिळालं. कोष्ट्यांचे हातमाग इथे होतेच. मग 1 जानेवारी 1877 ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. मागचा विटांचा भाग कापडाच्या गाठी ठेवायलाच बांधला असणार, कारण त्याला रस्त्याकडे खिडकी नाही आणि दार मात्र हातगाडी आत जाईल एवढं रुंद आहे. मिल 2002 साली बंद पडली. गोदामात आता आम्ही सिंथेटिक साड्यांचे खोके ठेवतो.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती आमची मापाची फळी. आजोबांनी गाळा भाड्याने घेतला तेव्हापासूनची. तिच्या कडेला पितळी खिळे ठोकलेत. एका टोकापासून छत्तीस इंचांवर एक खिळा, तो गजाचा. त्याच्या पुढे सव्वातीन इंचांहून जरा जास्त अंतरावर दुसरा, तो मीटरचा. मेट्रिक मापांचा कायदा 1956 सालचा. जुन्या गिऱ्हाइकांना तेवढ्याच पैशांत कापड कमी आलं की जास्त, हे पटवायला वडील दोन्ही खिळ्यांवर कापड धरून दाखवत. गजाचा खिळा बोटांनी घासून घासून गुळगुळीत झालाय. मीटरच्या खिळ्याला अजून कड आहे.

आता पाडली कशी नाही, त्याचं उत्तर. लोक म्हणतात, वारसा छान जपलात. जपण्याचं श्रेय कुणी आम्हाला देऊ नये, मालकांनाही नाही. इमारत टिकली ती भाडे कायद्यामुळे. विदर्भात 1949 चा सी. पी. अँड बेरार (म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) रेंट कंट्रोल ऑर्डर लागू होता. त्यात भाडेकरूला नोटीस द्यायची तरी मालकाला आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागे. ती मिळवायची म्हणजे वर्षानुवर्षांचं प्रकरण. भाडं जुनंच राहिलं. त्या भाड्यात मालकाला कौलं शाकारणं परवडेना, आणि आम्हाला काढून नवीन बांधणंही जमेना. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. पण मूळ आकडाच लहान, त्याचे चार टक्के ते कितीसे? तोवर आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीत, वारसांची नावंही वाढली होती. एकाची सही मिळाली तर दुसरा पुण्यात.

म्हणून तो सज्जा अजून आहे. रस्त्यावरच्या ज्या इमारतींचा मालक एकटा आणि गाळा रिकामा होता, त्या केव्हाच पाडून काचेच्या झाल्या. मला हा कायदा चांगला की वाईट ते ठरवता येत नाही. आमची तीन पिढ्यांची पोटं त्यावर भरली, आणि मालकांच्या एका पिढीला स्वतःच्याच जागेतून काही मिळालं नाही. दोन्ही खरं आहे.

सध्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत आणि यावेळी वारस एकत्र आलेत. छत मागच्या बाजूने खचलंय, त्यामुळे मी अडून बसणार नाही. तळमजल्यावर गाळा मिळावा ही आमची अट आहेच. दुसरी अट मी लेखी मागितली आहे: पाडण्याआधी पूर्ण मोजमाप घ्यायचं, प्रत्येक मजल्याचे नकाशे काढायचे, आणि सज्ज्याचं लाकूड भंगारात न घालता नवीन इमारतीच्या जिन्यात बसवायचं. जुनं सागवान विकत घेणारे दोघे-तिघे आत्ताच भाव विचारून गेलेत. आर्किटेक्चरच्या मुलांनी पावसाळ्याआधी टेप घेऊन यावं. सकाळी अकराच्या आत आलात तर वरचा मजला मी स्वतः उघडून दाखवीन.