पाऊस लांबला की पहाटे एकत्र बसावं

पावसानं दडी मारली, दुबार पेरणी डोक्यावर आली, की कास्तकाराच्या घरात कोणाला धड झोप लागत नाही. अशा दिवसांत एकट्यानं ध्यानाला बसणं फार जड जातं. मन लगेच वावरात पळतं. शेजारी चार माणसं असली की बसणं निभतं. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) रुजवलेलं पहाटेचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची प्रार्थना विदर्भातल्या कितीतरी गावांत अजून चालते.

देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, कुठेही बसा, पण जागा रोज तीच ठेवा. आज पारावर, उद्या कोणाच्या ओसरीत असं झालं की माणसं गळतात. वेळ पहाटे साडेपाच. डवरणीच्या दिवसांत पाच, म्हणजे बैल जुंपायच्या आत आटोपतं. पाच-सहा जण पुरे, वीस मिनिटं पुरे.

सतरंजीवर नुसती मांडी घातली की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो, थोड्याच वेळात पायांना मुंग्या येतात. म्हणून गोधडीची चार बोटं जाड घडी फक्त बुडाखाली घ्या, मांड्यांखाली नको. गुडघे कमरेच्या खाली उतरले की पाठ आपोआप सरळ राहते. गुडघे धरलेल्यांना खुर्ची द्या, तळवे मात्र जमिनीला टेकू द्या.

एकानं हळू आवाजात मोजायचं: चार अंकांत श्वास आत, सहा अंकांत बाहेर, नाकानंच. बाहेर जाणारा श्वास लांबला की छातीची धडधड उतरते. इथे हमखास एक चूक होते. माणसं जोर लावून मोठेमोठे श्वास भरभर घेतात, मग चक्कर येते, ओठ-बोटं झिणझिणतात, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. तसं झालं की मोजणं सोडा, नेहमीसारखा श्वास घ्या. पाच मिनिटांनी मोजणाऱ्यानंही गप्प व्हावं. पुढे ज्यानं त्यानं मनात एक ते दहा श्वास मोजावे, चुकलं की परत एकपासून.

डोळे मिटायची सक्ती नको. घरात नुकतंच वाईट घडलेल्याला मिटल्या डोळ्यांपुढे तेच दिसतं. त्यानं समईच्या ज्योतीकडे पाहावं. रडू आलं तर अडवू नका, भोवती गोळाही होऊ नका. शेजारच्यानं त्याला सतरंजीची वीण बोटांनी चाचपायला सांगावं. हाताला काही लागलं की माणूस परत जागेवर येतो.

उठल्यावर लगेच पळू नका. कोण आलं नाही ते पाहा, आणि सलग दोन दिवस न दिसलेल्याच्या घरी जाऊन या. हे आम्हाला ध्यानाइतकंच महत्त्वाचं वाटतं. कोणी ‘आता जगून काय करू’ म्हणालं, तर त्याला श्वास मोजायला लावू नका. जवळ बसा, एकटं सोडू नका, मनाच्या त्रासात बोलून आधार देणाऱ्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या मोफत नंबरवर फोन लावून द्या, आणि फवारणीचे डबे त्याच दिवशी घरातून दुसरीकडे हलवा.