रिस्पाची कादंबरी: तिसरं प्रकरण, दहिवर आणि गोफण

तिसऱ्या प्रकरणाचा खर्डा झाला. रिस्पा आता खडकावर बसली आहे आणि कादंबरीचा बराच भाग ती तिथून हलणार नाही.

रिस्पा म्हणजे बायबलमधल्या शौल राजाची उपपत्नी. २ शमुवेल २१ वाचून काळ लोटला असेल त्यांच्यासाठी: तीन वर्षांचा दुष्काळ पडतो, शौलाने ज्यांची कत्तल केली ते गिबोनी लोक त्याच्या घराण्याचं रक्त मागतात आणि त्याच्यामागून राजा झालेला दावीद सात जण त्यांच्या हवाली करतो. त्यात रिस्पाचे दोन मुलगे, अरमोनी आणि मफीबोशेथ. पाच शौलाच्या मुलीचे. सातही प्रेतं डोंगरावर टांगलेली तशीच राहतात. रिस्पा गोणपाट अंथरून बसते, दिवसा पाखरं आणि रात्री जनावरं हाकते. सातूच्या कापणीपासून पाऊस पडेपर्यंत.

हा पाऊस कधी आला, त्यावर सगळं प्रकरण उभं आहे. तिकडे सातू कापतात एप्रिलच्या सुमारास; पावसाळा सुरू होतो ऑक्टोबरच्या आसपास. अवकाळी सर आली असेल असं मानणारे अभ्यासक आहेत, पण मी लांबचा काळ धरलाय. आपल्याकडे नागपुरात नवतपा सरला की जूनमध्ये सुटका होते. तिचे जून, जुलै, ऑगस्ट कोरडेच. म्हणून इथलं ४५ अंशांचं ऊन तिच्या डोक्यावर ठेवायचं नाही, असं पहिल्यापासून ठरवलं. यरुशलेमजवळच्या डोंगरात उन्हाळा त्यामानाने सौम्य, रात्री गार, आणि दहिवर पडतं.

त्या दहिवराचा फार उपयोग झाला. ती प्यायची काय? बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात गिदोन पहाटे लोकर पिळून वाटीभर पाणी काढतो; माझी रिस्पा गोणपाटाचा कोपरा पिळते. थंडीत घोंगडी रात्रभर गच्चीवर टाकून पाहिली. पहाटे ती हाताला जड लागली, काठाशी बोटं ओली झाली आणि मेंढीचा कोंदट वास आला. तो वास प्रकरणात जसाच्या तसा घेतलाय.

बायबलमध्ये तिच्या तोंडी एकही शब्द नाही. मीही संवाद देणार नाही. पण पाखरं हाकायला आवाज लागतोच. जवारीच्या वावरात राखणीला बसलेल्या बाईचा, दुपारपर्यंत घोगरा झालेला आवाज तिला दिला. हाती गोफण दिली. शौल बन्यामीन वंशाचा, आणि शास्ते २०:१६ मध्ये केसाइतकाही नेम न चुकणारे ७०० डावखुरे गोफणवाले आहेत. तिच्या सासरचीच ती विद्या.

प्रत्येक भाग मी सूर्यास्तापाशी सुरू करतेय. टांगलेलं प्रेत त्याच दिवशी पुरावं, असं बायबलच्या नियमशास्त्रातलं अनुवाद हे पुस्तक (२१:२३) सांगतं. म्हणजे रोज संध्याकाळी नियमशास्त्र मोडलं जातं, तेही राजाच्या संमतीने. दावीद मला आवडतो, पण इथे त्याला सोडणार नाही.

आता अडलंय ते नावांवर. शौलाच्या मुलीच्या त्या पाच मुलांची नावं कुठेच नाहीत. माझ्या कादंबरीत रिस्पा सातही जणांना नावानं ओळखते, म्हणून १ इतिहासाच्या ८ व्या अध्यायातली बन्यामिनी वंशावळ चाळतेय. दोन नावं ठरली, तीन बाकी आहेत.