ध्यानाची वही

काल रात्री मुक्ताईनगरहून परत आले. बॅग अजून दारातच आहे. आश्रमातून आल्यावर माणूस शांत असतो म्हणे. मी मात्र सकाळपासून भांडी आपटतेय, कारण तिथल्या स्वयंपाकघरातल्या बाईंचं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

परवाची गोष्ट. सकाळचं ध्यान संपलं आणि मी मागच्या पडवीत गेले. मौन होतं, पण चुलीपाशी ते कुणी पाळत नाही. बाई कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होत्या. पऱ्हाट्यांचा जाळ, परातीच्या कडेला सांडलेलं करडं पीठ. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ताई, तुमाले काही ध्यान लागत नाही."

विचारलं नाही, सांगितलं. डाळीत मीठ कमी पडलंय, हे सांगावं तसं.

"लागतं की," मी म्हणाले. म्हणजे आश्रमात येऊन खोटंही बोलून झालं.

पण त्यांना कळलं कसं? मी तर अगदी ताठ बसले होते. चुळबुळ नाही, खोकला नाही. शेजारच्या काकूंची मान दोनदा छातीवर पडली, त्यांना कुणी काही म्हणालं नाही. पुढचे रिटायर्ड गुरुजी मूर्तीसारखे बसतात, त्यांचं लागत असणारच. सगळ्यांचंच लागतं. फेब्रुवारीपासून जे चाललंय त्यानंतर मला निदान एक तास तरी मिळायला हवा होता, एवढंच माझं म्हणणं. दादा निघताना म्हणालाच होता, "जाऊन काय होणार आहे?" त्याच्याबद्दल आज लिहायचं नाही.

विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीता सांगितली, अठरा अध्यायांची अठरा प्रवचनं, आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांना तुरुंग पुरला. मला सतरंजी, पाठीला भिंत आणि दोन वेळचं आयतं जेवण मिळूनही मनात गॅस बंद केला होता की नाही, हेच.

त्या दुपारी रिक्षा करून चांगदेवला गेले. हतनूर धरणाचं पाणी फुगून तापी-पूर्णेच्या संगमावर नुसतं पसरलं होतं, कुठली तापी आणि कुठली पूर्णा ते कळू नये इतकं. देवळाच्या काळ्या दगडाला पाठ लावून बसले. ऊन चांगलं होतं. चौदाशे वर्षांचा योगी, आणि त्याला एवढ्याशा मुक्ताईकडून ऐकून घ्यावं लागलं. मला बेचाळिसाव्या वर्षीच ऐकवलं गेलं, म्हणजे तसं लवकरच उरकलं. एकटीच हसले. तिथे फुलं विकणारा पोरगा माझ्याकडे बघायला लागला.

तरी कळलं कसं, ते राहिलंच. संध्याकाळी हरिपाठातही तेच. तोंडाने अभंग चालू आणि डोक्यात, त्या खिडकीतून बघत असतील का?

शेवटी काल निघायच्या आधी विचारूनच टाकलं. बाई तेव्हा उडीद निवडत होत्या.

"तुम्ही तसं काबरं म्हणालात?"

"तुमी डोळे लै जोरात मिटता. लहान पोराले दवा पाजतानी ते मिटते ना, तसे."

बस्स. पुढे भाकरीचंच बोलणं. काल जेवताना मी तिसरी मागून घेतली होती, ते त्यांच्या लक्षात होतं. कळणा कसा दळायचा ते सांगितलं. मीठ दळतानाच घालायचं, आणि गिरणीवाला कुरकुर करेल, त्याचं ऐकायचं नाही.

आज सकाळी आरशासमोर बसून डोळे मिटले. मिटल्यावर दिसणार काय, कपाळ! मग फोन डब्याला टेकवून दहा सेकंदांचा टायमर लावला. एकदा नाही, चारदा. चारही फोटोंत भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या, ओठ आत ओढलेले. बाई बरोबर बोलल्या होत्या. आणि चेहरा हुबेहूब आईचा, शेवटी शेवटी ती चमचा बघून जशी... राहू दे.

तीन फोटो पुसले, एक ठेवलाय. कशाला, कुणास ठाऊक.

ध्यानातले अनुभव लिहायचे म्हणून नवीन वही नेली होती, चांगली पुठ्ठ्याची, ऐंशी रुपयांची. तिच्यात पहिल्या पानावर एवढंच आहे: ज्वारी 4, उडीद 1, खडे मीठ, जाडसर नको. आमची गिरणी उद्या बंद असते, म्हणजे दळण आजच टाकायला हवं. बॅग मग बघू.