क्यू लाइनवरचं ब्रुकलिन: डॉजर्सच्या खुणा शोधताना

ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचं मैदान, एबेट्स फील्ड, 1960 साली पाडलं गेलं, संघ तर त्याच्या आधीच लॉस एंजेलिसला गेला होता. तरी अर्धा दिवस हाताशी असेल तर न्यूयॉर्कच्या सबवेने हा संघ अजून पाहता येतो. शक्यतो शनिवार-रविवारी निघू नका, कारण त्या दिवशी बी गाडी धावत नाही आणि सगळी भिस्त एकट्या क्यू गाडीवर राहते.

सुरुवात बरो हॉल स्टेशनपासून करा. तिथून जवळच 215, माँटेग्यू स्ट्रीट. संघाची कचेरी इथे होती. 28 ऑगस्ट 1945 रोजी संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला इथेच बोलावून घेतलं. जुनी इमारत गेली, आता भिंतीवर फलक आहे. मान वर करून चाललं तर तो नजरेतून सुटतो, म्हणून दाराशेजारच्या भिंतीकडे लक्ष ठेवावं. 15 एप्रिल 1947 ला रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगमधली, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतली, कृष्णवर्णीयांवरची साठेक वर्षांची बंदी मोडली.

बरो हॉलहून 2, 3, 4 किंवा 5 नंबरची गाडी अटलांटिक अव्हेन्यूला आणते. बार्कलेज सेंटर या बंदिस्त स्टेडियमच्या पटांगणात एक ध्वजस्तंभ दिसतो. तो एबेट्स फील्डचा, 2012 पासून इथे उभा आहे. बरेच जण समजतात की मालक वॉल्टर ओमॅली यांना नवं स्टेडियम याच जागी हवं होतं. त्यांना हवी होती ती जागा अटलांटिक अव्हेन्यूच्या पलीकडची, उत्तरेची. तिथे उभं राहून रस्त्याखालच्या रेल्वेमार्गांचा विचार केला की त्यांचा हिशेब उमगतो: इतक्या गाड्या एकत्र येणारी जागा ब्रुकलिनमध्ये दुसरी नाही.

क्यू किंवा बी पकडून दोन स्टेशनं पुढे प्रॉस्पेक्ट पार्क. लिंकन रोडच्या बाजूने बाहेर पडलात तर उगाच वळसा पडतो, एम्पायर बुलेव्हार्डचा जिना घ्या. पूर्वेकडे पाच-सात मिनिटं चाला आणि बेडफर्ड अव्हेन्यूवर डावीकडे वळा. पुढचा चौक सलिव्हन प्लेसचा. आता इथे उंच निवासी इमारती आहेत. भिंतीतल्या दगडावर कोरलंय की एबेट्स फील्डची जागा हीच. आवार खासगी आहे, त्यामुळे फाटकाच्या आत न जाता फुटपाथवरूनच पाहावं.

मैदान डोळ्यांपुढे आणायचं तर फलंदाजाची जागा सलिव्हन आणि मॅकीव्हर प्लेसच्या कोपऱ्याकडे धरा. तिथून बेडफर्ड अव्हेन्यूच्या कडेची राइट फील्डची, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाची, भिंत जेमतेम 297 फुटांवर होती. भिंत आणि वरची जाळी मिळून उंची 38 फूट. त्यापलीकडे गेलेला होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, थेट रस्त्यावर पडायचा. भिंत सपाट नव्हती, मध्ये वाकलेली होती, त्यामुळे चेंडू कुठल्या कोनात परत येईल याचा नेम नसायचा. राइट फील्ड सांभाळणाऱ्या कार्ल फ्युरिलोला तिचा प्रत्येक उसळीचा स्वभाव पाठ होता, ही त्याची वर्षानुवर्षांची मेहनत.

चौकाचौकात मोजत चाललं की मैदान किती कोंडलेलं होतं ते पायांना कळतं. प्रेक्षक बत्तीस हजार मावायचे, पण मोटारी सातशेच्या आसपास. ट्राम चुकवत चालणाऱ्या ब्रुकलिनकरांवरून संघाला डॉजर्स हे नाव पडलं होतं. युद्धानंतर हे प्रेक्षक उपनगरांत राहायला गेले आणि मोटारीने येऊ लागले. 1947 साली 18 लाख लोक आले होते, अजिंक्यपदाच्या 1955 साली 10 लाखांवर. तिकडे मिल्वॉकीला भरपूर पार्किंग असलेल्या नव्या मैदानावर तिथल्या ब्रेव्ह्ज संघाला वीस लाखांवर प्रेक्षक मिळत होते. ओमॅली यांना अटलांटिकची जागा सरकारी अधिकार वापरून मिळवून हवी होती. शहरातल्या मोठ्या बांधकामांची सूत्रं हाती असलेले अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी नकार देऊन क्वीन्समधलं फ्लशिंग मेडोज सुचवलं. संघ गेला यात दोष एकट्या ओमॅलींचा, असं मला वाटत नाही. पण तिकीट काढून येणाऱ्या माणसाला दोघांनीही विचारलं नाही, याचं वाईट वाटतं. 24 सप्टेंबर 1957 च्या इथल्या शेवटच्या सामन्याला 6,702 लोक होते.

त्या 1955 च्या विजयाबद्दल थोडं. याआधी 1941, 47, 49, 52 आणि 53 अशा पाच अंतिम मालिका डॉजर्स न्यूयॉर्कच्याच यांकीज संघाकडून हरले होते. सातव्या सामन्यात, 4 ऑक्टोबरला, डॉजर्सचा गोलंदाज जॉनी पॉड्रेसने यांकीजना एकही धाव दिली नाही. निकाल 2-0. सहाव्या डावात यांकीजचे दोघे बेसवर असताना त्यांच्या योगी बेराचा फटका लेफ्ट फील्डच्या, म्हणजे डाव्या टोकाच्या, सीमारेषेकडे गेला. तिथला डॉजर्सचा क्षेत्ररक्षक सँडी अमोरोस त्याच डावात मैदानात आला होता. तो डावखुरा, म्हणून ग्लव्ह उजव्या हातात आणि रेषा त्याच्या उजवीकडे. धावता धावता त्याने तो हात लांबवला आणि चेंडू विसावला. त्याआधी तिथे गिलियम होता. त्याचा ग्लव्ह डाव्या हातात, हात आडवा न्यावा लागला असता. तोच चेंडू सहकारी पी वी रीसमार्फत पहिल्या बेसवर पोचला आणि तिथे वेळेत न परतलेला यांकीजचा दुसराही खेळाडू बाद झाला.

प्रॉस्पेक्ट पार्कहून क्यू गाडी न बदलता कोनी आयलंडला नेते, अर्ध्या-पाऊण तासात. समुद्राकडे तोंड करून उजवीकडे सर्फ अव्हेन्यूने पाचेक मिनिटं चाललं की सायक्लोन्स या आजच्या ब्रुकलिनच्या बेसबॉल संघाचं स्टेडियम. बाहेर 2005 पासून रॉबिन्सन आणि रीसचा पुतळा आहे, गोऱ्या रीसचा हात रॉबिन्सनच्या खांद्यावर. समोरून फोटो घेणाऱ्यांना रीसचा तो हात नीट दिसत नाही. मागे जाऊन बोटं पाहा.