आमची वाटचाल : गेलेली १७ माणसं

आमच्या वर्कशॉपची सुरुवात १९९१ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, भाड्याच्या गाळ्यात झाली. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि वडिलांसह तीन माणसं. २००५ मध्ये गोकुळ शिरगाव एमआयडीसीत स्वतःचं शेड झालं. पुढे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी आणि व्हीएमसी मशीन आल्या. इथल्या फौंड्र्यांत ओतलेले धातूचे भाग (कास्टिंग) मशीनवर कापून अचूक मापाचे करणं, म्हणजे मशीनिंग, हे आमचं काम. एवढं सांगून हा भाग संपवतो. मला लिहायचंय ते २०१६ ते २०१९ या वर्षांबद्दल. त्या काळात ३१ पैकी १७ माणसं आम्हाला सोडून गेली, आणि ती माझ्यामुळे गेली.

वडील रोज पहिल्या पाळीच्या आधी प्रत्येक मशीनपाशी जायचे. "काल काय अडलं?" एवढंच विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि कारभार माझ्याकडे आला. मी इंजिनिअर, पुण्याच्या मोठ्या कंपनीत चार वर्षं काढलेली. मी केबिन बांधली, कॅमेरे बसवले आणि कामाचे निरोप व्हॉट्सॲपवर टाकायला लागलो. रविवारी यायचं की नाही, हे माणसांना शनिवारी संध्याकाळी कळायचं. यालाच मी शिस्त म्हणत होतो.

आमचे सर्वांत जुने सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारे, त्यांना सगळे मामाच म्हणायचे. त्यांच्याकडे एका हाउसिंगचं, म्हणजे यंत्राच्या बाहेरच्या कवचाचं, काम होतं, भिंत पातळ आणि बोअर (आतलं गोल भोक) ७२ मिलिमीटर, मापात फरक चालायचा तो फक्त ३० मायक्रॉन, म्हणजे ०.०३ मिलिमीटर. जॉब, म्हणजे तो भाग, क्लॅम्पमध्ये घट्ट आवळला की भिंत किंचित आत दबते. तशातच बोअर केलं, तर मशीनवर ते गोल दिसतं आणि क्लॅम्प सोडला की लंबगोल होतं. म्हणून शेवटच्या कटाआधी मामा मशीन थांबवायचे, क्लॅम्प ढिले करून हाताच्या अंदाजाने पुन्हा हलकेच आवळायचे. जॉबमागे दीड मिनिट जायचं.

मला कॅमेऱ्यात फक्त थांबलेलं मशीन दिसलं. मी बाहेर आलो आणि सगळ्या पोरांसमोर म्हणालो, "मशीन थांबवायचा पगार देत नाही मी." ते काहीतरी सांगू पाहत होते, मी ऐकून घेतलं नाही. त्यानंतर ते जेवणाची सुट्टी अर्धी करून तेवढा वेळ भरून काढत होते. हे मला फार उशिरा कळलं. पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं, 'घरची शेती'.

१४ वर्षांची नोकरी. मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून १५,६०० रुपये. २६ ने भागून, १५ दिवसांनी आणि १४ वर्षांनी गुणलं की ग्रॅच्युइटी होते १,२६,००० रुपये. कायद्याने ती ३० दिवसांत द्यायची असते. मी आठ महिने लावले. पैसे नव्हते असं नाही. ते सोडून गेले याचा राग होता. राहिलेली माणसं रोज हे बघत होती. १४ वर्षं राबलेल्या माणसाची ही गत, तर आपलं काय होणार, हा हिशोब त्यांनी केला, आणि तो बरोबरच होता.

मामा गेल्यावर हाउसिंगच्या एका २०० नगांच्या लॉटमध्ये ३८ नग परत आले. नंतरचा लॉट त्याहून वाईट निघाला. ते काम देणाऱ्या कंपनीने ते काढून घेतलं. बिलं अडकली, पगार ७ तारखेवरून १५ वर गेला, आणि मग दर महिन्याला एक-दोन राजीनामे. सगळ्यांची कारणं घरचीच. आमचा हिशोब माझी बायको बघते. एका रात्री तिने पीएफ ट्रान्सफरचे अर्ज माझ्यासमोर ठेवले. 'शेती बघायला' गेलेल्यांपैकी बरेचजण आमच्यापासून पाच किलोमीटरच्या आतल्याच कारखान्यांत कामाला होते.

मी मामांच्या घरी गेलो. त्यांनी आधी चहा दिला. मग म्हणाले, "पगाराचं काय न्हवतं ओ. त्या दिवशी पोरांच्या म्होरं बोललासा, तिथनं कामावरचं मन उडालं." मी माफी मागितली. ते परत आले नाहीत, पण एका रविवारी शेडवर आले आणि फिक्स्चर (जॉब पकडून ठेवायची चौकट) बघून दाखवलं की आधार भिंतीला नको, रिबखाली, म्हणजे भिंतीला बळकटी देणाऱ्या पट्टीखाली, द्या. तसं करून घेतलं. आता क्लॅम्प ढिला करावा लागत नाही.

केबिनमधला कॅमेऱ्यांचा पडदा काढून टाकलाय. कॅमेरे फक्त गेटवर आहेत. रविवारच्या कामाचं गुरुवारपर्यंत विचारतो, आणि 'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारत नाही. वडिलांसारखं सकाळी मशीनपाशी उभं राहायला लागलो, पण ते मला लगेच जमेना. पहिले कितीतरी दिवस सगळे "काय नाही साहेब" एवढंच म्हणायचे. मग एका ट्रेनी पोराने सांगितलं की कूलंटला, म्हणजे कापताना मशीनवर सोडतात त्या गार ठेवणाऱ्या द्रवाला, वास येतोय, हातांना खाज सुटते. त्याच दिवशी टाकी रिकामी करून घेतली. तिथून माणसं बोलायला लागली.

आज आम्ही २२ जण आहोत. हाउसिंगचं काम २०२२ मध्ये परत मिळालं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं मामा जिथे आता शिफ्ट इन्चार्ज आहेत, तिथे होतं.