एप्रिलमधली ओल

महूच्या एका जुन्या चर्चमधून निरोप आला, ‘छत गळतंय, बघून जा.’ महू म्हणजे होळकर-इंग्रजांच्या १८१८च्या मंदसौर तहानंतर माल्कम या इंग्रज सेनानीने वसवलेली छावणी, तिथली जुनी चर्चं गोऱ्या पलटणींसाठी बांधलेली. मी इंदूरचा. आमच्या पांढऱ्या चर्चसमोरून (तेही १८५८चं, होळकरांच्या फौजेतल्या सआदत खानाने इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर चाल केली त्याच्या पुढच्याच वर्षीचं) आयुष्यभर स्कूटर नेली, आत मात्र कधी गेलो नाही.

त्यामुळे आधी छत सोडून बाकंच पाहत बसलो. पाठींना खाचा होत्या. मला वाटलं, छत्र्यांसाठी. देखभाल करणाऱ्या काकू हसल्या. “बंदुकांसाठी, दादा.” मेरठचा उठाव १० मे १८५७चा, रविवारचा, गोरे संध्याकाळच्या प्रार्थनेला निघायच्या सुमाराचा. त्यानंतर कितीतरी छावण्यांमध्ये गोरे शिपाई प्रार्थनेलाही बंदुका घेऊन बसू लागले.

छत ठणठणीत होतं. ओल होती ती फक्त दाराच्या भिंतीला, तीही भर एप्रिलमध्ये, हाताला गार लागेल इतकी. चर्चची वेदी बहुतेक पूर्वेला असते, म्हणजे दार पश्चिमेला. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, सगळा मार त्याच भिंतीवर. पण तो ती दीडशे वर्षं खात आली होती, मग आताच काय झालं?

गवंड्याने छिन्नी मारली आणि दाराएवढी खपली एकदम खाली आली. सिमेंट! काही वर्षांपूर्वी कुणीतरी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुन्यातली वीट पाणी पिते आणि उन्हात सोडून देते. सिमेंटला बारीक तडे गेले की पाणी आत शिरतं, पण बाहेर यायला वाट राहत नाही. मागे लोणा (क्षार) लागून विटा अशा झाल्या होत्या की बोटाने खरवडलं तर पीठ पडावं. शेजारी बावीस वर्षांच्या, कॉलऱ्याने गेलेल्या एका शिपायाची संगमरवरी पाटी. तिच्या लोखंडी खुंट्या गंजून फुगल्या आणि पाटीचा कोपराच उडाला होता.

“असं कोण करतं हो?” काकूंनी विचारलं. मी टेपने उगाच पुन्हा मोजमाप घेतलं.

ठरलं असं, की सिमेंट सगळं उतरवायचं, भिंत मेभर उघडी वाळू द्यायची, पावसाळ्यात बाहेरून ताडपत्री. गिलावा दिवाळीनंतर, कळीचा चुना मुरवून, सुरखी (विटांची पूड) घालून. कडक उन्हात चुना घाईने वाळला तर तडकतो. गवंडी म्हणाला, “साहेब, चुन्याचं काम माझ्या वडिलांनी केलं, मी नाही.” वडील ऐंशीचे आहेत. ते खुर्चीवर बसून सांगणार, हा करणार.

जुन्या इंदुरातल्या आमच्या वाड्याची मागची भिंत दोन वर्षांपूर्वी मीच सिमेंटने गुळगुळीत करून घेतली, आईच्या पेन्शनीतून. आलेल्या-गेलेल्याला ती कौतुकाने दाखवते. तिला अजून काही सांगितलेलं नाही.